विहारातील प्रथमोपचार : थैली हलकी, जाण पक्की

(सुवर्ण महोत्सवानिमित्त धावडा येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)

 

चातुर्मास पूर्ण झाला की कार्तिक पौर्णिमेनंतर संतांचा पदविहार सुरू होतो. पायात पादत्राण नाही, वाहनाचा आधार नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या परिसरातील धावड्यासारख्या गावाहून पुढच्या मुक्कामापर्यंत त्यांच्यासोबत चालण्याचे भाग्य गावच्या श्रावकांना लाभते. कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांच्या यात्रेसाठीही कार्तिकात अनेक श्रावक पायी निघतात. या वाटचालीत सोबत कोणती औषधे आणि साधने असावीत, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय लहान वाटतो. परंतु विहारातील अपघातांच्या बातम्या वाचल्या म्हणजे त्याचे गांभीर्य कळते.

सामान्यतः असे घडते की, संघ उदार मनाने मोठी औषधपेटी विकत घेतो. पेटी जड असल्यामुळे ती गाडीत ठेवली जाते. गाडी पुढच्या गावी व्यवस्थेसाठी निघून जाते. आणि ज्या क्षणी रस्त्यावर कोणाच्या पायातून रक्त वाहू लागते, त्या क्षणी पेटी काही कोस दूर असते. म्हणून पहिला नियम असा की, सेवकाच्या खांद्यावर असेल तीच खरी थैली. ती अर्ध्या किलोहून अधिक नसावी, म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर चालतानाही खाली ठेवावीशी वाटणार नाही. अपरिग्रहाचा संस्कार लाभलेल्या समाजाला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागू नये.

थैलीत काय घ्यावे हे ठरवताना प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत. पहिल्या अर्ध्या तासात तिचा उपयोग आहे काय? सेवकाला ती वापरता येते काय? आणि ती संतांच्या मर्यादेत बसते काय? या कसोटीवर पेटीतील बरेचसे सामान आपोआप गळून पडते.

विहारात सर्वाधिक त्रास पायांना होतो. बाभळीचा काटा, काचेचा तुकडा, तापलेल्या डांबराने आलेले फोड हे नित्याचे. यासाठी लहान चिमटा, बोथट टोकाची कात्री, निर्जंतुक गॉझचे पाच-सहा तुकडे, सुती पट्टीच्या दोन गुंडाळ्या, कागदी चिकटपट्टी आणि पोव्हिडोन आयोडीन मलमाची छोटी नळी पुरेशी आहे. जखम आधी स्वच्छ पाण्याने धुवावी, मलम नंतर. लहान फोड फोडू नये, कारण वरची त्वचा हेच त्याचे उत्तम आवरण असते. काटा खोल गेला असल्यास धनुर्वाताच्या लसीबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा. मुरगळलेल्या पायासाठी एक क्रेप बँडेज आणि हातासाठी एक त्रिकोणी पट्टी ठेवावी. हीच त्रिकोणी पट्टी घडी करून रक्तस्रावावर दाब देण्यासही उपयोगी पडते. रक्त वाहत असेल तर कापूस चिकटवण्यापेक्षा जाड गॉझ ठेवून न सोडता सतत दाबून धरणे महत्त्वाचे. सेवकासाठी हातमोजांचे दोन जोड असावेत.

दुसरे संकट उन्हाचे. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याचे ऊन चाळीस अंशांपलीकडे जाते. त्यासाठी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, चार पाकिटे घ्यावीत. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व पाणी यांच्या अशाच द्रावणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी अवघी २०.५ ग्रॅम पूड लागते. चार पाकिटांचे वजन शंभर ग्रॅमही भरत नाही, आणि पाणी वाटेतल्या घरी मिळते. खोक्यांतील तयार गोड पेये मात्र जड असतात आणि बहुधा या सूत्राचीही नसतात. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरण्यास मनाई केली.

काही संकटे अशी आहेत की त्यांचे औषध थैलीत ठेवण्यात अर्थ नाही. याच जालना जिल्ह्यातील देहेड या गावचे सुपुत्र डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात राहून लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. परंतु ते औषध रक्तदाब पाहून डॉक्टरांनीच द्यावयाचे असते. सर्पदंशावरील प्रतिविषही रुग्णालयातच द्यावे लागते. अशा वेळी सेवकाचे काम म्हणजे धीर देणे, दंशाचा अवयव हलू न देणे आणि विनाविलंब दवाखाना गाठणे. जखमेवर चिरा देणे, घट्ट दोरी आवळणे, विष चोखणे हे सर्व वर्ज्य. येथे थैलीतील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एक कागद. त्यावर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक, मार्गावरील आरोग्य केंद्रांची नावे आणि संघाच्या दोन जबाबदार व्यक्तींचे दूरध्वनी लिहिलेले असावेत. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे. तेव्हा भयाने मागे सरण्याचे कारण नाही. अपघात होऊच नये म्हणून पहाटेच्या धूसर प्रकाशात सेवकाने चमकणारे जाकीट घालून मागून चालावे आणि एक लहान विजेरी जवळ ठेवावी.

आता सर्वांत नाजूक प्रश्न मर्यादेचा. सूर्यास्तानंतर संत पाणीही घेत नाहीत. दिगंबर मुनिराज दिवसातून एकदाच आहार-जल घेतात. त्यामुळे वाटेत पाकीट फोडून पेला पुढे करणे ही सेवा ठरत नाही. ज्या परंपरेत दिवसा पाणी घेतले जाते, तेथेही ते अचित्त हवे. औषधांच्या पुष्कळ कॅप्सूलचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते. काही मलमांत मध असतो. वेष्टन वाचूनच वस्तू निवडावी. साध्वीजींच्या सेवेत श्राविकाच असाव्यात, म्हणून प्रथमोपचाराचे शिक्षण महिला मंडळाने आधी घ्यावे.

आणि संत उष्माघाताने बेशुद्ध झाले तर? वैद्यक सांगते, ओल्या कापडाने अंग थंड करा, वारा घाला. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काही घालू नका. मुनिचर्या सांगते, अप्काय आणि वायुकाय जीवांची विराधना टाळा. रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, घाबरलेल्या तरुणाने हा प्रश्न सोडवावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शासनात उत्सर्ग आहे, तसाच अपवाद आणि प्रायश्चित्तही आहे. त्याचा निर्णय गुरूंचा आहे. श्रावकाने आग्रहाने व्रत मोडायला लावू नये, तसेच 'चालणार नाही' असे स्वतःच ठरवून मदतही रोखू नये. त्यासाठी विहाराच्या आदल्या दिवशी वंदनाला गेल्यावर विनयाने विचारून घ्यावे की, प्रकृती बिघडल्यास कोणती सेवा कल्पते आणि भान हरपल्यास कोणाची आज्ञा घ्यावी. उत्तर त्याच कागदावर लिहून ठेवावे. रुग्णवाहिका बोलावणे मात्र श्रावकाचे स्वतःचे कर्तव्य आहे. त्यासाठी थांबू नये.

दर महिन्याच्या चतुर्दशीला प्रतिक्रमणासाठी मंडळी जमतात. त्या दिवशी थैली एकदा उघडून पाहावी. मुदत संपलेली औषधे काढावीत, दमट झालेली पाकिटे बदलावीत आणि नव्या सेवकाच्या हातून एक पट्टी बांधून घ्यावी. जी वस्तू वापरता येत नाही, ती कितीही हलकी असली तरी भारच आहे.

वैयावृत्त्य हे अभ्यंतर तपांपैकी एक आहे. पन्नास वर्षांत या संस्थेने गावोगावच्या संतांची सेवा केली. पुढील वाटचालीत प्रत्येक विहारामागे अशी एक छोटी थैली आणि ती वापरू जाणणारी दोन माणसे चालत राहिली, तर सुवर्ण महोत्सवाचे ते खरे स्मरण ठरेल.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छा मि दुक्कडम्. जय जिनेंद्र.