‘अपेक्षित पगार’ या रकान्यात काय लिहायचं?

(नोकरदार मैत्रिणींच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला दिलेला विषय ऐकून सकाळी चहाच्या वेळीच एकीने मला छेडलं. म्हणाली, ‘अगं, आपण घरकाम करणाऱ्या बायकांच्या पगारासाठी मोर्चे काढतो, आणि तू आज मॅनेजरबाईंच्या पगारावर बोलणार?’ तिचा प्रश्न रास्त आहे. त्याच्याकडे मी येईनच. आधी एका फॉर्मची गोष्ट सांगते.

२०१९ साली मी एका सौरऊर्जा कंपनीत अर्ज केला. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर सहा वर्षं मी एका संस्थेत गावपातळीवर काम केलं होतं. मानधन महिना बावीस हजार. जाहिरात होती ‘व्यवस्थापक, समाजसंपर्क’ अशा पदाची. सौरप्रकल्पाला जमीन लागते, वीज वाहून न्यायला खांब रोवावे लागतात, त्यासाठी गावाशी बोलणारं कोणीतरी लागतं. ते काम मला येत होतं. फॉर्मवर शेवटी दोन रकाने होते. ‘सध्याचा पगार’ आणि ‘अपेक्षित पगार’. पहिल्यात मी इमानदारीत बावीस हजार लिहिलं. दुसऱ्यापाशी थांबले. पेनाचं टोपण उघडलं, मिटलं, आणि शेवटी लिहिलं, ‘नियमाप्रमाणे’.

हसताय, पण तुमच्यातल्या किती जणींनी असंच लिहिलंय? नियम कुठला? कोणाचा? सरकारी नोकरीत वेतनश्रेणी असते, ती छापलेली असते, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला किती मिळतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. खासगी कंपनीत नियम एकच, तुम्ही काय मागता आणि समोरचा किती कमीवर तुम्हाला मिळवू शकतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत आम्हाला समुदाय संघटन शिकवलं, समाजकल्याणाचं प्रशासन शिकवलं. पगार कसा मागायचा, हे नाही. उलट पैशाचा विचार करणं म्हणजे सेवाभाव कमी, असा एक वास त्या सगळ्या शिक्षणाला होता.

मुलाखतीत विचारलं, ‘मॅडम, अपेक्षा काय?’ मी म्हणाले, ‘तुम्ही द्याल ते.’ लगेच उत्तर आलं, ‘आम्ही आधीच्या पगारावर तीस टक्के वाढ देतो.’ बावीसवर तीस टक्के म्हणजे अठ्ठावीस हजार सहाशे. मी खुशीत घरी आले आणि पेढे वाटले.

आठ महिन्यांनी प्रिंटरवर कोणीतरी विसरलेला एक कागद हाती आला. आमच्या प्रकल्पावरच्या व्यवस्थापकांची विम्याची यादी होती, नावापुढे पगार. जमिनीचं काम बघणारा माझा सहकारी माझ्याच श्रेणीतला, माझ्यानंतर महिन्याभराने लागलेला. त्याच्यापुढे पासष्ट हजार होते. आधी तो एका बांधकाम कंपनीत होता. त्याने ऐंशी मागितले होते, घासाघीस होऊन पासष्टवर ठरलं होतं. हे त्यानेच मला नंतर सांगितलं. माणूस चांगला होता, त्याच्यावर माझा राग नाही.

मला रडू आलं नाही, लाज वाटली. आपल्याला कमी पगार मिळतोय याची लाज आपल्यालाच वाटते, हे मोठं गमतीशीर आहे. देणाऱ्याला वाटत नाही.

वरिष्ठांकडे गेले. तीन उत्तरं मिळाली, तीही एका दमात. एक, ‘तुम्ही मागितलेच नव्हते.’ दोन, ‘त्याचं काम जोखमीचं आहे.’ तीन, ‘तुमचे मिस्टर नोकरीला आहेत ना?’

तिसऱ्यावर इथे वेळ घालवत नाही. ते उत्तर आपल्या आज्यांनीही ऐकलंय. दुसरं मात्र नीट बघण्यासारखं आहे. जोखीम म्हणजे काय? तो तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे जायचा, फाइल पुढे सरकवायचा. मी त्याच गावांत जायचे. विजेच्या खांबासाठी खड्डा खणू देत नाही म्हणून लोक जमले, की तोच फोन करायचा, ‘ताई, तुम्ही या, माझ्याच्याने होत नाही.’ संध्याकाळी सातला, गाडी नसेल तर कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून मी जायचे. जमलेल्या माणसांच्या मागे बायका उभ्या असायच्या. त्यांच्याशी बोलल्यावर खरं दुखणं कळायचं. जमीन गायरान होती आणि शेळ्या कुठे चारायच्या हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न कंपनीच्या एकाही कागदावर नव्हता. तो सुटला नाही तर काम थांबतं आणि थांबलेल्या दिवसाचे पैसे कंपनीला मोजावे लागतात. मग जोखमीचं काम कोणाचं? पण माझ्या कामाला ‘सॉफ्ट स्किल’ म्हणायचे, बाईच्या अंगी असतंच ते. अंगी असलेल्या गोष्टीचे पैसे कोण देतो?

इथेच मघाच्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे. त्याच प्रकल्पावर पॅनेल धुवायला आसपासच्या वाडीवरच्या बायका रोजंदारीने येत. पहाटे, ऊन चढायच्या आत, डोक्यावरून पाणी आणून. गवत काढायचं कामही त्यांचंच. तिथले पुरुष ‘ऑपरेटर’, बायका ‘हेल्पर’, आणि रोजात फरक. कंत्राटदाराला विचारलं तर म्हणाला, ‘बायकांचं काम हलकं असतं.’ माझ्या वरिष्ठांचं वाक्य आणि त्याचं वाक्य एकाच तोंडातून आल्यासारखं होतं. अठ्ठावीस हजारवालीचं दुःख आणि त्या बायकांचं दुःख एका तराजूत घालायचं नाही, हे मलाही कळतं. माझ्या घरात महिनाअखेरीला चूल विझत नव्हती. पण त्यांच्या रोजाचा विषय मी बैठकीत काढला, तेव्हा मला कळलं की स्वतःचा पगार मागता न येणाऱ्या बाईच्या तोंडी दुसऱ्यांच्या मजुरीची मागणी कशी कच्ची पडते. ‘बघू’ म्हणून विषय गुंडाळला गेला. महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. त्या कामांवर बाई-पुरुषाला एकच दर आला, कारण दर कामाला लावला होता, माणसाला नाही. मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत हा साधा विचार अजून चढलेला नाही.

आता या धंद्याविषयी थोडं. सूर्य, वारा ही नवी क्षेत्रं म्हणून तिथे जुन्या खोडी नसतील असं आपल्याला वाटतं. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्था, जिला ‘आयरेना’ म्हणतात, तिच्या २०१९च्या अहवालानुसार जगभरात या क्षेत्रातल्या पूर्णवेळ नोकऱ्यांत बायका ३२ टक्के होत्या. तेल-वायू उद्योगात २२ टक्के. म्हणजे बरं आहे म्हणायचं. पण त्यातही कार्यालयीन कामांत ४५ टक्के आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या कामांत २८. पवनऊर्जेत तर एकूणच २१ टक्के, असं त्याच संस्थेने २०२०मध्ये नोंदवलं. भारतात छतावरच्या सौरऊर्जेच्या कंपन्यांचा अभ्यास २०१९मध्ये झाला, त्यात बायका ११ टक्क्यांच्या आसपास निघाल्या.

पगार कुठे जास्त असतो, तेही पाहा. निविदा भरणं, वीजखरेदीचे करार, कर्ज उभं करणं, जमीन मिळवणं, बांधकाम. बायका कुठे असतात? मनुष्यबळ, हिशेब, आराखडे, समाजसंपर्क. साइटवर राहिलं तर साइट भत्ता, गाडी, बढतीचा रस्ता. पण साइटवर धड संडासही नसतो, मग ‘बायकांना तिथे कसं पाठवायचं’ म्हणून त्यांना ऑफिसात ठेवायचं, आणि दोन वर्षांनी म्हणायचं की साइटचा अनुभव नाही. संडास बांधायला किती खर्च येतो?

पैसे नाहीत, हे कारण या धंद्यात हमखास ऐकाल. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. सौरविजेचे दर लिलावाने ठरतात, जो कमी बोलतो त्याला काम. २०१७ साली राजस्थानात भादलाला युनिटमागे २ रुपये ४४ पैसे बोली लागली, २०२० साली गुजरातेत ती १ रुपया ९९ पैशांवर आली. एवढी घासाघीस झाल्यावर कात्री कुठेतरी लागणारच. ती नेमकी हेल्परबाईच्या रोजाला आणि समाजसंपर्काच्या खात्यालाच का लागते, एवढंच विचारायचं.

आणि कायद्याने हे कारण चालत नाही. मुंबईतल्या ऑड्री डिकोस्टा यांचा खटला प्रत्येकीला माहीत असायला हवा. त्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. पुरुष स्टेनोंना पगार जास्त होता. १९७७ साली त्यांची नोकरी गेली, तेव्हा त्यांनी समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. कंपनी म्हणाली, युनियनशी करार झालाय. कंपनी असंही म्हणाली, की आमची परिस्थिती बरी नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८७ साली निकाल बाईच्या बाजूने लागला. परवडत नाही म्हणून बाईला कमी द्या, अशी मुभा कायदा देत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. दहा वर्षं लागली हेही खरं.

१९७६चा तो कायदा आता वेतन संहितेत सामावला गेला आहे. ही संहिता २०१९ साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली. तिचं कलम ३ लक्षात ठेवा. सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून वेतनात भेद करायचा नाही. सारखं म्हणजे कौशल्य, कष्ट, अनुभव, जबाबदारी सारखी. पदाचं नाव सारखं असायची गरज नाही. शिवाय बरोबरी करायची म्हणून मालकाला कोणाचा पगार कमी करता येत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या मनात तेव्हा आलं होतं की मी बोलले तर त्या सहकाऱ्याच्या पोटावर पाय येईल. नाही येत.

आणखी एक. ‘मॅनेजर’ ही पाटी लागली की माणसाला फार बरं वाटतं. पण औद्योगिक संबंधांच्या कायद्यात व्यवस्थापक हा कामगार धरला जात नाही. म्हणजे युनियनचं छत्र गेलं, कामगार न्यायालयाचा दरवाजा बंद झाला. खरं काम काय होतं ते न्यायालय बघतं, नुसती पाटी नाही. पण तो लढा वेगळा. वेतन संहितेतल्या ‘कर्मचारी’ या शब्दात मात्र व्यवस्थापकीय काम करणारे येतात. म्हणजे समान वेतनाचं कलम मॅनेजरबाईंनाही लागू आहे.

मी काय केलं? पत्र लिहिलं. रागाचं नाही. कोणती गावं, किती बैठका, किती दिवस काम अडलं होतं आणि कधी सुरू झालं, हे तारखांनिशी. चार महिन्यांनी पंचेचाळीस हजार केले. पासष्ट नाही. पुढे मी ती नोकरी सोडली. पॅनेल धुणाऱ्या बायकांचा रोज मी तिथे असेपर्यंत वाढला नाही, ते माझ्या खात्यावर अपयश म्हणूनच लिहा.

आता तुमच्या कामाचं. ‘सध्याचा पगार’ हा रकाना सगळ्यात घातक. एकदा कमी पगारावर लागलेली बाई जन्मभर त्याच्यावरच टक्के मोजत बसते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६मध्ये कायदाच केला की पगार देऊ करण्याआधी मागचा पगार विचारायचा नाही. युरोपीय संघाच्या २०२३च्या निर्देशातही ते आहे, आणि पदाचा पगार किती ते उमेदवाराला आधी सांगायचं, हेही. आपल्याकडे असा कायदा नाही. खोटं लिहा असं मी म्हणणार नाही, पुढे पगाराच्या पावत्या मागतात. ‘आधीचं काम स्वयंसेवी संस्थेतलं होतं, त्याच्याशी तुलना नको, या पदाला तुम्ही किती ठेवलेत?’ असं विचारता येतं. मी विचारलं नाही, तुम्ही विचारा. आणि विचारल्यावर गप्प बसा. ती शांतता भरून काढायची घाई आपल्यालाच होते, आणि आपण स्वतःच आकडा खाली आणतो.

सांगतात तो आकडा वर्षाचा असतो, ‘सीटीसी’. त्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा असतो, पाच वर्षं पूर्ण केल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी असते, कधी विम्याचा हप्ताही असतो. हातात किती, ते वेगळं विचारायचं. मूळ वेतन किती, तेही. नव्या संहितेनुसार भत्ते निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. ‘व्हेरिएबल’ म्हणून जो भाग असतो तो कशावर मिळतो, आणि बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांत त्याचं काय होतं, हे लेखी घ्या.

आणि एकमेकींना सांगा. आपण एकमेकींना नवऱ्याचं दारू पिणं सांगतो, सासूचा जाच सांगतो, पगार सांगत नाही. माझा आत्ताचा पगार अडतीस हजार आहे. आपल्याच संस्थेत, हातात पस्तीस.

आता दोघी-दोघी समोरासमोर बसा. एक विचारणारी, एक सांगणारी. सांगणारीने आकडा म्हणायचा, ‘नियमाप्रमाणे’ चालणार नाही. दहा मिनिटांनी बदला. जेवणाला अजून अर्धा तास आहे.