पितळी होकायंत्र आणि गटाचं कर्ज



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ताईंना झालंय काय? आपण तापीकाठच्या, केळी-कापसातल्या बाया. समुद्र आपल्यापासून कितीतरी लांब. आणि ताई बोलणार जहाजाच्या जुन्या यंत्रांवर! पण कारण आहे. एका गटाच्या बैठकीत एका ताईनं अंतर्गत कर्जाची मागणी केली. कारण सांगितलं, "जहाजावरचं जुनं पितळी सामान घ्यायचंय. होकायंत्र, दुर्बीण, वाळूचं घड्याळ. मोबाईलवर एक जण दाखवतो. आज घ्या, दोन वर्षांत चौपट होईल म्हणतो." गटानं विचारलं, द्यायचं का कर्ज? हो किंवा नाही म्हणण्याआधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ.

समुद्रात रस्ता नसतो, मैलाचा दगड नसतो. चहूकडे पाणी. मग खलाशाला कसं कळायचं आपण कुठे आहोत ते? त्यासाठी ही यंत्रं.

पहिलं होकायंत्र. चुंबकाची सुई उत्तर-दक्षिण राहते, हे शाळेत शिकलोय. त्याची डबी पितळेची का असते? कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्याला चुंबक धरत नाही. लोखंडाची डबी केली तर सुई भलतीकडेच वळेल. जहाजावरचं होकायंत्र एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये टांगलेलं असतं. जहाज कितीही डुललं तरी आतली तबकडी सपाट राहते.

दुसरं, उंची मोजायचं साधन. हे आज रात्री तुम्ही स्वतः करून पाहू शकता. लग्नात नवरीला ध्रुवतारा दाखवतात ना? तो ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितके अंश आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असतो. जळगाव-धुळ्यात तो साधारण २१ अंशांवर दिसतो, मुंबईत १९ वर, कन्याकुमारीला फक्त ८ वर. अंगणात उत्तरेकडे तोंड करा, हात ताठ करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत जा. दोन मुठी झाल्या की जरासा वर ध्रुव. सापडला नाही तर सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ पुढे ओढा.

अरबी समुद्रातले जुने खलाशी हेच मोजायला लाकडाची एक फळी वापरत. तिला कमाल म्हणत. फळीच्या मधून दोरी, दोरीला गाठी. दोरी दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजावर, वरची कड ध्रुवावर. कुठल्या गाठीला नेमकं बसतं ते पाहायचं. आपल्या बंदराची गाठ ठरलेली. परत येताना त्या गाठीला ध्रुव बसेपर्यंत उत्तरेला नाहीतर दक्षिणेला जायचं, मग सरळ किनाऱ्याकडे वळायचं. एक फळी, एक दोरी, एवढ्यावर माणसं समुद्र ओलांडत होती.

पुढे युरोपात सेक्स्टंट आलं. वर्तुळाच्या सहाव्या भागाएवढी पितळी कमान, तिच्यावर अंशांच्या रेघा, दोन आरसे आणि छोटी दुर्बीण. दांडा सरकवत सूर्याचं प्रतिबिंब क्षितिजावर आणून टेकवायचं आणि कमानीवरचा आकडा वाचायचा.

तिसरं, जहाजाचं घड्याळ. उत्तर-दक्षिण कळलं, पण पूर्व-पश्चिम कसं कळणार? तर वेळेवरून. पृथ्वी ४ मिनिटांत एक अंश फिरते. आपल्या घड्याळाची वेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि जळगाव आहे ७५.५ अंशांच्या आसपास. फरक ७ अंशांचा, म्हणजे २८ मिनिटांचा. म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास. शेतात सावलीवरून वेळ सांगणाऱ्या आजीला हे बरोबर माहीत असतं. पण डुलत्या जहाजावर अचूक चालेल असं घड्याळ नव्हतं. ते बनवलं इंग्लंडच्या जॉन हॅरिसन नावाच्या सुताराच्या मुलानं. तो स्वतःही सुतारच. १७६१ साली त्याचं चौथं घड्याळ समुद्रावर तपासायला पाठवलं आणि ते कसोटीला उतरलं.

आणि आपला समुद्राशी काहीच संबंध नाही असं समजू नका. अजिंठा जळगावहून साधारण ६० किलोमीटर. तिथल्या २ नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. ती पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा, आणि तो व्यापारी सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. आपली तापीही सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि सुरत हे एके काळी मोठं बंदर.

आता ही जुनी यंत्रं येतात कुठून? जहाज म्हातारं झालं की ते तोडतात. गुजरातमध्ये भावनगर जिल्ह्यात अलंग आहे. १९८३ पासून तिथे जहाजं तोडली जातात आणि रस्त्याच्या कडेला जहाजातल्या सामानाची दुकानंच दुकानं आहेत. मुंबईत चोर बाजारातही असा माल मिळतो. हौशी लोक तिथे शोधत फिरतात. जगभर असे संग्राहक आहेत, आणि खऱ्या, चालू, जुन्या सेक्स्टंटला ते चांगली किंमत देतात. हे खोटं नाही.

पण बाजारात दिसणारा बराचसा माल जुना नसतोच. उत्तराखंडातल्या रुरकीत मोजणीची यंत्रं बनवण्याचा जुना धंदा आहे. तिथे शोभेची होकायंत्रं, सेक्स्टंट, दुर्बिणी नव्यानं बनतात आणि परदेशीही जातात. नवी म्हणून विकली तर त्यात काहीच वाईट नाही, कारागिराच्या हाताचं काम आहे. फसवणूक होते ती त्याच वस्तूला काळपट रंग देऊन "शंभर वर्षं जुनी" म्हणून विकली की.

ओळखायचं कसं? थोड्या खुणा सांगते.

एक. चुंबक लावा. चिकटला, तर वर पितळेचा रंग, आत लोखंड.

दोन. नाव आणि साल वाचा. अशा कितीतरी वस्तूंवर "केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७" असं कोरलेलं असतं. गंमत अशी की त्या नावाची कंपनी दोन कंपन्या एकत्र होऊन १९४७ साली झाली. मग १९१७ ला ती यंत्रं कशी बनवेल? हे म्हणजे सुनेच्या नावाचं भांडं तिच्या जन्माआधीच्या तारखेचं!

तीन. स्क्रू पाहा. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० नंतरच्या दशकात आले. १८५० सालच्या म्हणवणाऱ्या वस्तूला तसे स्क्रू असतील, तर ती नवी तरी आहे, नाहीतर दुरुस्त केलेली तरी.

चार. यंत्र चालतं का? खऱ्या सेक्स्टंटच्या रेघा केसासारख्या बारीक आणि सारख्या अंतराच्या असतात, दांडा गुळगुळीत सरकतो. शोभेच्या वस्तूत रेघा जाड आणि आरसे वाकडे. खऱ्याच्या पेटीच्या झाकणात बऱ्याचदा तपासणीचा छापील दाखला चिकटवलेला असतो आणि त्यावरचा नंबर यंत्रावरच्या नंबराशी जुळतो.

आणि एक धोक्याची गोष्ट. जुन्या काही घड्याळांच्या आणि होकायंत्रांच्या तबकड्यांवर अंधारात चमकावा म्हणून रेडियमचा रंग लावत. चमक जाते, रेडियम शेकडो वर्षं राहतं. ते अंगाला घातक. अशी काच उघडू नका, रंग खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. तसंच काही जुन्या हवादाब यंत्रांत पारा असतो, तो सांडू देऊ नका. आणि आपली सवय, पितळ दिसलं की चिंच आणि राख! जुन्या यंत्राला तसं घासलं तर रेघा झिजतात आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते.

कायदाही माहीत असू द्या. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि ती परदेशी पाठवायचा अधिकार सरकारशिवाय कुणाला नाही. म्हणजे तो माणूस जे सांगतो ते खरं असलं, माल शंभर वर्षांचा असला, तर परवान्याशिवाय धंदा बेकायदा. आणि माल तेवढा जुना नसला तर "चौपट" कशाच्या जोरावर? दोन्हीकडून अडचण आपलीच.

शेतात नांगरताना जुनी नाणी किंवा धन सापडलं, तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आता येऊ कर्जाकडे. त्या ताईचा हेतू चांगला आहे. तिला काहीतरी नवीन करायचंय, त्यासाठी तिचं कौतुकच. पण कर्ज देताना वस्तू सुंदर आहे का हे पाहून चालत नाही. हप्ता दर महिन्याला येतो. केळीचे चिप्स, पापड, कळण्याचं पीठ यांना गिऱ्हाईक दर आठवड्याला आहे. जुन्या सेक्स्टंटचं गिऱ्हाईक वर्षानं येईल, नाहीतर येणारही नाही. संग्राहक स्वतःच्या शिलकीतून, हौसेनं, वर्षानुवर्षं थांबायच्या तयारीनं घेतो. आपली बचत म्हणजे दहा जणींच्या मजुरीतून निघालेला पैसा. तो थांबू शकत नाही.

म्हणून गटानं असं कर्ज मागणाऱ्या ताईला चार प्रश्न विचारावेत. माल डोळ्यांनी, हातात घेऊन पाहिला का? पक्कं बिल मिळणार का आणि त्यावर "नवीन, शोभेची वस्तू" की "जुनी" असं लिहून देणार का? घेणारं गिऱ्हाईक आज कोण आहे? आणि विकलं नाही तर हप्ता कशातून भरणार? चारही उत्तरं मिळाली नाहीत तर कर्ज थांबवा, ताईला मात्र थांबवू नका. तिला खरंच करायचं असेल तर नव्या शोभेच्या दोन-चार वस्तू स्वतःच्या पैशानं घ्याव्यात, नव्या म्हणूनच सांगाव्यात, तालुक्याच्या प्रदर्शनात मांडून पाहाव्यात. विकल्या तर पुढचं बोलू.

मोबाईलवरून "आधी नोंदणीचे पैसे भरा" असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावानं असेच पैसे उकळले जातात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. तांदूळ ओढून घेणारं चमत्कारी तांब्याचं भांडं, ही तशीच एक फसवणूक. पैसे गेलेच तर लगेच १९३० नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

शेवटी आपल्या घरातल्या पितळेविषयी. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वस्तू जमवल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. आज लहानपणी गेलेल्या त्यांच्या मुलाच्या नावानं राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं आहे. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी "गोवा चित्र"मध्ये शेतीची आणि घरातली जुनी अवजारं जपली आहेत. त्या वस्तू आपल्यासारख्यांच्याच घरातल्या.

यंत्राच्या पेटीतल्या दाखल्याचं सांगितलं ना? तसा दाखला आपल्या भांड्यांवरही असतो. लग्नातल्या हंड्यावर, परातीवर टिंब टिंब करून घातलेलं नाव, गाव, तारीख. बऱ्याच घरांत आजीचं नाव लिहिलेलं एवढं एकच ठिकाण असतं. आणि तोच हंडा आपण मोडीत घालतो. गरज पडली तर विकावा लागतो, त्यात कमीपणा नाही. पण विकण्याआधी घरी वजन करा, त्या दिवसाचा मोडीचा भाव दोन दुकानांत विचारा, आणि नाव-तारखेचा फोटो काढून ठेवा.

पुढच्या बैठकीत असं करा. प्रत्येकीनं घरातली एक जुनी वस्तू आणायची. पायली असो, अडकित्ता असो, कानबाईच्या पूजेचा तांब्या असो. कुणाची, कुठून आली, कोण कशासाठी वापरायचं, हे इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवायचं. त्याला कर्ज लागत नाही.

तर मैत्रिणींनो, समुद्रावरची ही विद्या बायांचीसुद्धा आहे. २०१७ च्या सप्टेंबरात गोव्याहून आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून २०१८ च्या मे महिन्यात परत आल्या. आज जहाजावर उपग्रहाची यंत्रं असतात, पण ती बंद पडली तर म्हणून जहाजावरच्या अधिकाऱ्यांना आजही सूर्य-तारे मोजायला शिकवतात. आपणही मोबाईलवरच्या गोड बोलण्याआधी आपली मूठ धरून मोजायला शिकू या. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.