परकोट्याबाहेरून स्वागत

परिषदेच्या आदरणीय अध्यक्षा, उद्घाटक महोदय, महाराष्ट्रातून, गोव्यातून, इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याहून आलेले प्रतिनिधी, व्यासपीठावर खुर्च्या न पुरल्यामुळे पहिल्या रांगेत बसवलेले मान्यवर, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले आमच्या वर्कशॉपमधले सहकारी,

झोटवाड्यात आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करतो.

स्वागताध्यक्ष होण्याची माझी पात्रता एवढीच, की हा हॉल माझ्या कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि पद ठरवण्याच्या बैठकीला मी उशिरा पोचलो. उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात पद अडकवायची आमच्या मंडळाची पद्धत जुनी आहे. ‘माणसाचा स्वभाव, सत्ता आणि समाजातला न्याय’ हा विषय पत्रिकेवर छापायला दिला, तेव्हा प्रेसवाल्याने दोनदा वाचून मला विचारलं, “साहब, इसमें भोजन का समय कहाँ लिखना है?” विषयाचं गांभीर्य मला तेव्हा कळलं. भोजनाची वेळ शेवटी सांगतो.

तुमच्यापैकी पुष्कळांनी जयपूर म्हणजे हवामहल, आमेर, जंतरमंतर असं मनाशी धरलं असेल. त्यातलं झोटवाड्यात काही नाही. चांदपोल दरवाज्यातून बाहेर पडून वायव्येला निघालात, की परकोटा, म्हणजे जुन्या शहराचा तट, मागे पडतो आणि हळूहळू लोखंडाचा आवाज सुरू होतो. औद्योगिक वसाहत, कांटा चौराहा, निवारू रोड, कालवाड रोड, पंचायत समितीची कचेरी, आणि मधल्या प्रत्येक गल्लीत लेथ. मूळचं हे गाव. शहर वाढत वाढत आलं आणि गावावरून पुढे निघून गेलं. आज इथला विधानसभा मतदारसंघ मतदारांच्या संख्येने राजस्थानातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांत मोडतो, म्हणजे सत्ता कुठून येते हे पाहायला तुम्ही अगदी योग्य ठिकाणी आला आहात. राजवाड्यातल्या सभागृहात परिषद भरवावी असा एक मतप्रवाह होता. त्याचं भाडं ऐकल्यावर तो प्रवाह आटला.

माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून गलाईच्या धंद्यासाठी इथे आले. सराफाच्या दुकानातला झाडून काढलेला कचरा विकत घ्यायचा, तो जाळायचा आणि त्यातून सोनं काढायचं हे आमचं घराण्याचं काम. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं या एका कामावर देशभर पसरली, त्यातली काही इथेही आहेत. तत्त्वज्ञानाचं मला काही कळत नाही, पण कचऱ्यात किती सोनं असेल याचा अंदाज बांधायची सवय आहे. माणसाच्या स्वभावाकडेही मी त्याच सवयीने पाहतो. अंदाज बहुधा चुकतो, तरी धंदा चालू राहतो.

आता गावाचा थोडा इतिहास. कार्यवाहांनी मला सात मिनिटं दिली आहेत. ती आत्ता संपली.

जयपूर वसवलं सवाई जयसिंहांनी, 1727 साली. आराखडा विद्याधर भट्टाचार्यांचा. हे सगळेच सांगतात. या शहराच्या पायाभरणीत मराठी माणसं होती, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. जयसिंहांचे गुरू रत्नाकर भट्ट पौंडरीक हे महाराष्ट्री ब्राह्मण, काशीत स्थायिक झालेले. त्यांनी रचलेल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचं नाव ‘जयसिंहकल्पद्रुम’. त्यांच्या वंशजांची हवेली ब्रह्मपुरीत आहे, तिच्यातल्या एका खोलीतली चित्रं पुरातत्त्व खात्याने संरक्षित केली आहेत. दुसरे जगन्नाथ सम्राट, तेही महाराष्ट्री. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली. जयसिंहांच्याच जंतरमंतरात जे सर्वांत मोठं यंत्र आहे त्याची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. ती सरकताना पाहायला मी पाहुण्यांना नेहमी नेतो, आणि पाहुणे तेवढ्या वेळात मोबाइलवर फोटो काढतात. असो. 1735 साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला निघाल्या तेव्हा जयसिंहांनी त्यांचा जयपुरात मोठा सत्कार केला. पेशव्यांची आई राजपुतान्यातून निर्धास्त जाते आणि वाटेतले राजे तिला नजराणे देतात. ते नजराणे आदराचे किती आणि धास्तीचे किती, हे विद्वानांनी ठरवावं. मला वाटतं, देणाऱ्यालाही ते नक्की सांगता आलं नसतं.

यानंतरची पंधरा वर्षं मात्र मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण तिथे माझा एक आवडता माणूस आहे. त्रिपोलिया बाजारात उभे राहिलात तर दुकानांच्या मागे सात मजल्यांचा एक मनोरा दिसतो, इसरलाट. बांधला 1749 साली, जयसिंहांचे थोरले चिरंजीव सवाई ईश्वरीसिंह यांनी, सावत्र भावावर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून. बाजारात विचाराल तर वेगळंच ऐकायला मिळेल. राजाला आपल्या अधिकाऱ्याची, हरगोविंद नाटाणीची मुलगी वरून दिसावी म्हणून तो उभारला, अशी कहाणी सांगतात. राजाने केलेल्या कामापेक्षा राजाचं प्रेमप्रकरण बाजारात लवकर खपतं, हा माझा अनुभव आहे.

ईश्वरीसिंहांचा प्रश्न हा तुमच्या परिषदेचाच प्रश्न होता. ते थोरले, म्हणून गादी त्यांची. पण 1708 साली जयसिंहांनी उदयपूरच्या राजकन्येशी लग्न करताना वचन दिलं होतं, की तिला मुलगा झाला तर गादी त्याला मिळेल. तो मुलगा झाला, माधोसिंह. आता न्याय कुणाच्या बाजूचा? परंपरेच्या की वचनाच्या? दोन्ही पक्षांकडे उत्तर होतं, आणि दोन्ही पक्षांनी ते पटवून द्यायला मराठ्यांना बोलावलं. शिंद्यांचं घराणं एकीकडे कललेलं, होळकर दुसरीकडे. 1748 साली बगरूला लढाई झाली. बगरू इथून फार लांब नाही, कापडावरच्या छपाईसाठी तुम्ही उद्या दुपारी तिथेच जाणार आहात. ईश्वरीसिंहांना भावाला परगणे द्यावे लागले आणि मराठ्यांना रक्कम कबूल करावी लागली. ती फिटेना. दरम्यान आपले कर्ते मंत्री केशवदास खत्री यांना त्यांनी संशयावरून विष घ्यायला लावलं. केशवदासांविरुद्ध राजाचे कान नाटाणीनेच भरले होते. 1750 सालच्या डिसेंबरात मल्हारराव होळकर वसुलीला आले तेव्हा राजाने नाटाणीला फौजेबद्दल विचारलं. यापूर्वी नाटाणी म्हणत असे, फौज तर माझ्या खिशातच आहे. या वेळी म्हणाला, खिसा फाटला. ही आख्यायिका आहे, दस्तऐवज नव्हे, पण एखाद्या कचेरीत काम केलेल्या माणसाला ती खोटी वाटणार नाही.

वाटाघाटी फिसकटल्या. 12 डिसेंबरच्या रात्री ईश्वरीसिंहांनी विष घेतलं आणि नागाकडून दंश करवून घेतला. राण्यांनीही विष घेतलं. दाराशी मराठ्यांची छावणी असल्याने इतर राजांप्रमाणे त्यांचा अंत्यविधी गेटोरच्या राजस्मशानात झाला नाही, त्यांची छत्री जयनिवास बागेच्या परिसरातच आहे. माधोसिंह गादीवर बसले, आणि ज्यांनी बसवलं त्यांच्या मागण्या वाढतच गेल्या. मग 10 जानेवारी 1751. काही हजार मराठे शहर पाहायला, देवळं पाहायला, बाजारहाट करायला परकोट्याच्या आत आले होते. दुपारी दरवाजे बंद झाले आणि नागरिकांनी कत्तल सुरू केली. सुमारे तीन हजार माणसं मारली गेली. पळण्यासाठी तटावरून उड्या टाकणाऱ्यांचे हातपाय मोडले.

शाळेत आम्ही अटकेपार झेंडे शिकलो. हे प्रकरण तिथे नव्हतं. जयपूरच्या माणसाला मात्र ते आजोबांकडून कळतं, आणि माझ्यासारखा त्याचा मराठी शेजारी समोर असला तर तो हसून विषय बदलतो. या शहरात मराठी माणूस राजाचा गुरू म्हणूनही आला आणि तिजोरीपुढे हात पसरून बसलेला वसुलीदार म्हणूनही आला. तुमच्या निबंधांत ‘सत्ता’ हा शब्द जिथे जिथे येईल, तिथे आपण कोणत्या बाजूला उभे होतो हे एकदा तपासून घ्या, एवढी या गावाच्या वतीने विनंती. निबंध मी वाचलेले नाहीत. सारांश वाचले आहेत.

वर्ध्याहून आलेले प्रतिनिधी कुठे बसले आहेत? हं. तुमचे जमनालाल बजाज आमचे आहेत, हे तुम्हाला सांगायचं होतं. जन्म 1889 सालचा, सीकरजवळच्या काशी का बास या गावचा, म्हणजे जयपूर संस्थानातला. दत्तक गेले वर्ध्याला. तिथलं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी 1928 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं केलं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पुढे जयपूर प्रजामंडळाचे ते अध्यक्ष झाले. 1938 सालच्या डिसेंबरअखेर शेखावाटीतल्या दुष्काळाच्या कामासाठी येत असताना सवाई माधोपूर स्टेशनावर पोलीसप्रमुख यंग यांनी त्यांच्या हातात हुकूम ठेवला : संस्थानात प्रवेश बंद. जन्मगावाच्या वाटेवर! 1939 सालच्या फेब्रुवारीत ते हुकूम मोडून आत शिरले. पकडून हद्दीबाहेर सोडलं. पुन्हा शिरले, पुन्हा तेच. 12 तारखेला मात्र धरून ठेवलं आणि मोरासागर नावाच्या आडगावी नजरकैदेत टाकलं. सुटका झाली ऑगस्टमध्ये. मल्हाररावांचा वसुलीचा हक्क कागदावर पक्का होता, आणि जमनालालजींकडे तर आत यायचा परवानादेखील नव्हता. या दोन गोष्टी शेजारी ठेवून एखाद्या तरुण प्राध्यापकाने काही लिहिलं, तर छपाईचा खर्च मी करीन. हे वाक्य कार्यवाहांनी वृत्तांतात घ्यावं.

अजून एक गोष्ट आमच्या वकील सभासदांनी बोलू नका म्हटलं आहे, म्हणून थोडक्यात बोलतो. उच्च न्यायालयाच्या जयपूर पीठाच्या आवारात 1989 सालापासून मनूचा पुतळा आहे. बसवल्यानंतर महिन्याभरात सगळ्या न्यायमूर्तींनी मिळून तो हलवायचं ठरवलं, त्यावर याचिका झाली, स्थगिती आली, आणि पुतळा राहिला. मनुस्मृतीचं दहन 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालं. जयपूरची कोनशिला बसली तीही 1927च्याच आसपास... माफ करा, दोनशे वर्षं आधी. सामाजिक कार्यकर्ते बाबा आढाव पुतळ्याविरुद्धची मोहीम महाराष्ट्रातून इथवर घेऊन आले. 2018 साली महाराष्ट्रातूनच आलेल्या दोन बायांनी पुतळ्यावर काळा रंग टाकला आणि अटक करून घेतली. त्यांच्या कृतीबद्दल इथल्या मराठी घरांत एकमत नाही. माझ्या घरात जेवताना या विषयावर दोनदा भांडण झालं. परिषदेत ते व्हावं, आणि इथे तरी कुणी ताट ढकलून उठू नये.

आता व्यवस्थेबद्दल. निवासाची सोय दोन धर्मशाळांत केली आहे. गरम पाणी सकाळी साडेसहापर्यंतच मिळेल, कारण त्यानंतर ते कोमट मिळतं. जयपूरची थंडी तुम्हाला हलकी वाटली असेल तर रात्री कळेल. रजया जयपुरी आहेत, वजनाला हलक्या आणि उबेला भारी, त्या एका व्यापारी मित्राने दिल्या. नाव घेऊ नका म्हणाले, म्हणून घेत नाही, पण त्या घरी न्यायच्या नाहीत हे मात्र मी जाहीरपणे सांगतो. पाण्याची फार काळजी होती. शहराला पाणी बीसलपूर धरणाचं, आणि ते रोज आपल्या मर्जीने येतं. टँकरची सोय शेजारच्या फाउंड्रीवाल्यांनी फुकट केली. जनरेटर ज्यांनी दिला त्यांनी डिझेलही दिलं, आणि तो सुरू करायला येणारा मुलगाही त्यांचाच. मंडपाच्या भाड्यात सूट मिळाली, ती का मिळाली हे विचारू नका. ध्वनिक्षेपक मधून मधून शिट्टी वाजवतो, तेव्हा वक्त्यांनी क्षणभर थांबावं, ती टीका समजू नये. प्रतिनिधींच्या पिशव्या बगरूच्या छपाईच्या कापडाच्या आहेत आणि आमच्या मंडळातल्या भगिनींनी शिवल्या आहेत. काहींचे बंद लहानमोठे झाले, त्याबद्दल त्यांच्या वतीने क्षमा मागू नकोस अशी मला घरून ताकीद आहे. म्हणून मागत नाही. बाकी सर्व उणिवांची क्षमा मागतो : हॉलचा पंखा, पायऱ्यांना नसलेला कठडा, कांटा चौराह्यावरची वाहतूक, आणि स्टेशनावर उतरवून घ्यायला आलेली गाडी चुकीच्या फलाटासमोर उभी राहिली ती.

भोजन दीड वाजता. दालबाटी, गट्ट्याची भाजी, चुरमा, आणि मराठी पोटांसाठी वरणभात. आचारी इथला आहे. ‘तिखट कमी’ हे त्याला सांगितलं आहे. त्याने मान डोलावली, पण त्याच्या डोलावण्यावर मी पैज लावणार नाही.

उद्या सकाळी साडेसातला बस सुटेल. ब्रह्मपुरी, इसरलाट, ईश्वरीसिंहांची छत्री. छत्रीसाठी हार मी आणून ठेवला आहे. ज्यांना इसरलाटीच्या पायऱ्या चढायच्या नसतील त्यांनी खाली थांबावं, समोर कचोरी चांगली मिळते. नावं आजच भोजनाच्या वेळी निळ्या वहीत लिहून द्यावीत, जागा मर्यादित आहेत. अध्यक्षबाईंनी लिहिलं नाही तरी चालेल.