दोघांना वगळून या

दीक्षान्त समारंभात जिंकलेल्यांच्या गोष्टी सांगण्याची प्रथा आहे. ज्या संघाबद्दल मी आज बोलणार आहे, त्याने १९५१ च्या हंगामातले नऊच्या नऊ सामने जिंकले होते, तेव्हा मी प्रथा मोडली असे कोणी म्हणू नये. संघ युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचा. जेझुइटांनी चालवलेले हे कॅथलिक विद्यापीठ. खेळ फुटबॉलच, पण अमेरिकेतला. शिरस्त्राण घालून, लांबट चेंडू काखेत मारून पळण्याचा. जो कुहारिक हे प्रशिक्षक. ऑली मॅटसन चेंडू घेऊन त्या हंगामात १,५६६ यार्ड धावला, देशातल्या कोणत्याही कॉलेज-खेळाडूपेक्षा जास्त. बर्ल टोलर बचावाचा आधार होता. संघात कृष्णवर्णीय खेळाडू हे दोघेच. हंगाम संपला की नव्या वर्षाच्या सुमारास निवडक संघांना ‘बाऊल’ सामन्यांची आमंत्रणे जात, आणि आमंत्रणाबरोबर मोठी रक्कम येई. या विद्यापीठाचा फुटबॉल तोट्यात होता. ती रक्कम मिळाली तर संघ तगेल अशी आशा होती. वंशभेद पाळणाऱ्या दक्षिणेतल्या बाऊलवाल्यांकडून निरोप आला तो असा, की संघ येऊ शकतो, मात्र मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवून. संघाने नकार दिला. आमंत्रण आले नाही, आणि विद्यापीठाने फुटबॉल बंद केला.

या हकिकतीकडे धैर्याची कथा म्हणून पाहण्यापेक्षा भेदभाव कसा चालतो याचा पुरावा म्हणून पाहावे, असे मला वाटते. भेदभाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दारावरची पाटी येते. इथे पाटी नव्हती, एक बक्षीस होते आणि बक्षिसाला एक अट होती. अट ज्यांच्याविरुद्ध होती त्या दोघांच्या हाती काहीच नव्हते. त्यांनी होकार दिला काय किंवा नकार दिला काय, ते घरीच बसणार होते. ती अट निकामी करू शकत होते फक्त तेच, ज्यांचा तिच्यामुळे फायदा होणार होता, म्हणजे बाकीचे गोरे खेळाडू. त्या काळी बहुतेकांनी फायदा घेतला. उत्तरेतली विद्यापीठे दक्षिणेत जाताना कृष्णवर्णीय खेळाडूंना मागे ठेवत आणि या व्यवस्थेला ‘सभ्य गृहस्थांचा करार’ असे गोंडस नाव होते. १९४० साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने मिझुरीविरुद्धच्या सामन्याला आपल्या कृष्णवर्णीय लेनर्ड बेट्सला नेले नाही. ज्या सात विद्यार्थ्यांनी त्याबद्दल आवाज उठवला, त्यांना विद्यापीठाने पुढच्या वर्षी निलंबित केले.

पहिला आक्षेप गंभीर आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रतिस्पर्धीच दुबळे होते, म्हणून आमंत्रण आले नाही. वंशभेदाची गोष्ट मागाहून, खेळाडूंच्या आठवणींतून उभी राहिली, असे म्हणणारे आहेत. त्यात तथ्यांश आहे. नौदल आणि मरीनच्या तळांवरचे संघ त्यांच्या वेळापत्रकात होते, आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत हा अजिंक्य संघ चौदावा होता. पण मग त्या वर्षी आमंत्रणे कोणाला गेली ते पाहा. गेटर बाऊलमध्ये तीन सामने हरलेला मायामी आणि दोन हरलेला क्लेमसन खेळले. ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जिया टेक आणि बेलर, शुगर बाऊलमध्ये मेरीलँड आणि टेनेसी. सहाच्या सहा विद्यापीठे वंशभेद पाळणाऱ्या राज्यांतली आणि सहांपैकी एकाही संघात कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तीन हार पचवणाऱ्या निवडसमितीला दुबळे वेळापत्रक पचले नाही, हे पटण्यासारखे नाही. आठवणी बाजूला ठेवल्या तरी ही यादी उरते.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: नकाराने साधले काय? त्या वर्षी काहीच साधले नाही. परंतु अशा अटी एका फटक्यात जात नाहीत; नकार वाढत गेले की अट घालणाऱ्याला ती महाग पडू लागते. पेन स्टेटने १९४६ मध्ये मायामीविरुद्धचा सामना याच कारणाने रद्द केला होता, आणि १९४८ च्या कॉटन बाऊलमध्ये त्यांचा कृष्णवर्णीय खेळाडू वॉलेस ट्रिप्लेट दक्षिणेतल्या डॅलसच्या मैदानावर खेळला. १९५६ च्या शुगर बाऊलला जॉर्जिया टेकविरुद्ध पिट्सबर्गने आपल्या कृष्णवर्णीय बॉबी ग्रायरला नेले. जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन यांनी तो सामना रोखायचा प्रयत्न केला, तेव्हा जॉर्जिया टेकचेच विद्यार्थी त्यांच्याविरुद्ध रस्त्यावर आले. आपल्या संघाला सामना खेळायला मिळावा हाही त्यांचा हेतू असणारच. असू दे.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोचरे आहे. पळवणकर बाळू हा हिंदू जिमखान्याच्या क्रिकेट संघाचा आधारस्तंभ, पण चांभार म्हणून त्याला कर्णधारपद कधी मिळाले नाही. १९२० मध्ये डावलले जाण्याविरुद्ध विठ्ठल आणि शिवराम हे त्याचे भाऊ संघातून बाहेर पडले. विठ्ठल कर्णधार झाला तो १९२३ मध्ये. त्या वेळी नकाराची किंमत ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच मोजावी लागली. सवर्ण सहकारी खेळत राहिले. सॅन फ्रान्सिस्कोचे वेगळेपण नेमके इथे आहे.

तिसरा आक्षेप असा, की नकाराची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही; त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. याच संघातले जीनो मार्केटी, बॉब सेंट क्लेअर आणि मॅटसन हे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. त्यांना नकार परवडला. ज्यांची शिक्षणाची वर्षे अजून शिल्लक होती, त्या धाकट्या खेळाडूंचा संघच गेला. तोट्यामुळे तो तसाही फार टिकला नसता, असे म्हणता येईल. शेजारच्या सेंट मेरीज आणि सँटा क्लारा या कॅथलिक संस्थांनीही त्याच सुमारास फुटबॉल सोडला. तरी बाऊलच्या पैशाने एखादे वर्ष निघाले असते, आणि विशीतल्या खेळाडूला एक वर्ष थोडे नसते. तत्त्वाची किंमत दर वेळी तत्त्व मांडणाराच भरतो, असे तुम्हाला कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

टोलरचा गुडघा १९५२ मध्येच निकामी झाला. तो शाळेत शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला, आणि १९६५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल-संघटनेचा पहिला कृष्णवर्णीय पंच. त्या वेळी एनएफएलचे आयुक्त होते पीट रोझेल, जे १९५१ मध्ये याच संघाची प्रसिद्धी सांभाळत. २००६ मध्ये विद्यापीठाने या संघाला मानद पदव्या दिल्या. २०१७ मध्ये एका वसतिगृहाचे जेम्स फेलन हे नाव काढून टोलरचे नाव दिले. हे फेलन ‘कॅलिफोर्निया गोरी ठेवा’ अशी घोषणा देऊन सिनेटची निवडणूक लढलेले. सत्काराचा खर्च विद्यापीठाला फारसा आला नसावा. फुटबॉल मात्र तिथे त्या दर्जाला पुन्हा कधी पोचला नाही.