सोनखत आणि पाणी



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी मैलापाण्याचा विषय काढावा, हे कित्येकांस रुचणार नाही. परंतु आपल्या धर्मशाळेची सेप्टिक टाकी तुंबली आणि उपसण्याचा खर्च सभेपुढे आला, तेव्हा सर्वांनी माना फिरवल्या. म्हणून आज आम्ही आपणांस दूरच्या एका कोरड्या गावाची, लडाखातील लेहची, हकीकत सांगणार आहोत.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. पाऊस वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर. आपल्याकडे एखाद्या धुवाधार दिवशी पडावा इतका! बर्फाचे वितळलेले पाणी आणि झरे, यांवरच पिढ्यान्‌पिढ्या निर्वाह. तेथल्या जुन्या घरांतील संडासाला पाणी लागतच नसे. वरच्या खोलीच्या जमिनीला भोक आणि खाली बंद कोठी. विधी उरकला की वरून फावडेभर माती लोटायची. पुढे कोठी उघडून मुरलेले खत शेतात न्यायचे. आपल्या वाडवडिलांनी अशा खताला सोनखत म्हटले, ते काही थट्टेने नव्हे.

1974 साली लडाख प्रवाशांना खुले झाले. हॉटेले उठली, आणि पाहुण्यांना फ्लशचे संडास हवे झाले. मग अंगणात शोषखड्डे आले, कूपनलिकाही आल्या. जे पाणी प्यायचे, त्याच जमिनीत मैला मुरू लागला.

2017 साली तेथे गाळ शुद्ध करण्याचे लहानसे केंद्र उभे राहिले. दिवसाला सुमारे 12,000 लिटर गाळ घेण्याची त्याची शक्ती. टाक्या उपसून आणलेला गाळ खडी-वाळूच्या वाफ्यांवर सोडतात. वाफ्यांत बोरूच्या जातीची झाडे लावलेली असतात. त्यांची मुळे थर मोकळे ठेवतात, म्हणून वाफा चोंदत नाही. पाणी खाली निथळते आणि पुढे पुन्हा खडीतून गाळले जाते. गाळ वरच राहून वाळतो व कालांतराने त्याचे खत होते. उतारावरून पाणी आपोआप वाहते, मोठी यंत्रे लागत नाहीत. थोडक्यात, फिरून सोनखतच! फक्त मधल्या काळात पाणी पुष्कळ वाया गेले.

मात्र नुसत्या केंद्राने भागत नाही. गाळ तेथवर पोचला पाहिजे. आपण टाकी तुंबेपर्यंत तिची आठवण काढीत नाही. गाळाने भरलेल्या टाकीत मैलापाणी थांबतच नाही, जसेच्या तसे गटारात जाते. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर हे पर्जन्यछायेतले गाव. तेथील नगरपरिषदेने घरोघरच्या टाक्या पाळीपाळीने, दर तीन वर्षांनी उपसण्याची योजना आखली. तक्रार येण्याची वाट पाहायची नाही, गाडी आपणहून दारी येते.

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हांस सर्वांत मोठी वाटते. संरक्षक साधनांवाचून माणसास टाकीत उतरविणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही विषारी वायूने माणसे मरतात. स्वस्तात काम करून देणारा माणूस शोधू, अशी सूचना आपल्याही सभेत आली होती. ती आम्हांस मान्य नाही. टाकी गाडीनेच उपसावी, गाळ कोठे रिकामा करणार हे आधी विचारावे, आणि दर तिसऱ्या वर्षासाठी अंदाजपत्रकात रक्कम राखून ठेवावी, असा ठराव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत.