स्टिअरिंग बॉक्स: खोलून दुरुस्त करायचा की नवीन टाकायचा?

आज कोड नाही, गाडी.

महिंद्राने भारतात विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्याच घराण्यातल्या जुन्या जीपा आपल्या रत्नागिरीत अजून दिसतात. एक आमच्याकडेपण आहे. तिचं स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाकं ढिम्म! बाबांना हीच गाडी घेऊन आंबा घाटातून कोल्हापूरला जायचं असतं.

गॅरेजमध्ये लगेच सल्ला मिळतो, ‘नवीन बॉक्स टाका.’ थांबा, आधी बग शोधा. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एकाने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली बघायचं. बॉक्समधून बाहेर आलेला आर्म हललाच नाही, तर दोष बॉक्सचा. आर्म हलतो पण चाक नाही, तर बॉल जॉइंट बघा. अख्खा बॉक्सच हलत असेल, तर बोल्ट ढिले असतील.

बॉक्सवरचा स्क्रू आवळला की प्ले कमी होतो, खरंय. पण गाडी जास्त सरळच चालते, म्हणून आतला वर्म मधोमध जास्त झिजतो. तिथला प्ले काढायला आवळत बसलात, तर वळणावर स्टिअरिंग जड होतं, अडकतं. घाटात तेच नको ना!

म्हणून बॉक्स खोलूनच ठरवा. बुश, बेअरिंग, ऑइल सील एवढंच गेलं असेल तर दुरुस्ती. वर्मवर खड्डे किंवा बॉडीला तडा असेल तर सरळ बदला. सेकंडहँड बॉक्स घेताय? तोपण खोलून बघा. तोही कुठल्यातरी जुन्या गाडीतूनच निघालाय.

भेटू पुढच्या भागात!