स्फोट नेमका कुठे झाला?
(स्नेहसंमेलनातील भाषण)



डोंबिवलीबद्दल बोलायला मिळालेल्या या पाच मिनिटांत मी एकच प्रश्न घेणार आहे.

२६ मे २०१६, गुरुवार. एमआयडीसी फेज दोनमधल्या प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. बारा जण गेले, दीडशेहून अधिक जखमी झाले. २३ मे २०२४, पुन्हा गुरुवार. त्याच फेज दोनमध्ये अमुदान केमिकल्स. पुन्हा किमान दहा जण गेले.

अशा वेळी ज्याला विचारावं तो सांगतो, "आमच्या मागेच झाला." तो खोटं बोलत नसतो. खिडकीची काच फुटली की स्फोट जवळच वाटतो. पण काचेवरून जागा ठरत नाही. दाबाची लाट इमारतींवर आपटून उलटी फिरते, तिच्या मागोमाग दाब उतरतो. म्हणून काचा घरात पडतात, तशा रस्त्यावरही पडतात.

जागा सापडते ती भूमितीनं. उन्हाळ्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. सोसायटीच्या कॅमेऱ्यात आधी आगीचा लोळ दिसला आणि तीन सेकंदांनी खिडक्या हादरल्या, तर अंतर सुमारे एक किलोमीटर. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असलं तरी बिघडत नाही, कारण दोन्ही क्षण एकाच चित्रणातले. नकाशावर त्या सोसायटीवर कंपासचं टोक ठेवा आणि तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. अशी तीन ठिकाणांची तीन वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतील, तिथे स्फोट झाला.

तुम्ही म्हणाल, कंपनीचं नाव तर संध्याकाळपर्यंत कळतंच, मग हा खटाटोप कशाला? कारण जागा नक्की झाली की कंपास उलटा फिरवता येतो. आता टोक स्फोटाच्या जागेवर ठेवा, एक किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि त्यात किती घरं, किती शाळा, किती दवाखाने येतात ते मोजा. "फेज दोनमध्ये झाला" एवढ्यावर थांबलो, तर हा हिशोब कधीच होत नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकाइन' या जहाजावर स्फोट झाला. आग विझवताना गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ देशभर त्या तारखेला अग्निशमन सेवा दिन पाळतात. ती जागा आणि तो दिवस, दोन्ही लोकांच्या लक्षात राहिले. आपल्या दोन गुरुवारांचं काय?

म्हणून गणिताच्या शिक्षकांना एक विनंती. वर्तुळाचा धडा शिकवताना एमआयडीसीचा नकाशा फळ्यावर लावा. त्यावर या दोन जागा मुलांना स्वतः शोधू द्या आणि तिथून शाळेपर्यंतचं अंतरही त्यांनाच मोजू द्या. नकाशाचा खर्च आमची बॅच करेल.